फोटो नाकारला, आता पुढे काय? स्टॉक एजन्सीबद्दल वाचकांचे प्रश्न

शटरस्टॉक, अ‍ॅडोब स्टॉक, आयस्टॉक, अलामी अशा स्टॉक एजन्सींवर फोटो आणि चित्रं विकण्याबद्दल बरीच पत्रं आली. व्यवहार थोडक्यात असा आहे: आपण फाइल एजन्सीकडे ठेवायची. ती कुणी घेतली की ठरलेला वाटा आपल्या खात्यात येतो. विकला जातो तो वापरण्याचा परवाना, फोटोची मालकी आपल्याकडेच राहते. त्यामुळे तोच फोटो शंभर जणांना विकता येतो आणि, एक्सक्लुझिव्ह (फक्त एकाच एजन्सीला देण्याचा) करार केला नसेल तर, चार एजन्सींवर एकाच वेळी ठेवता येतो. सारखेच प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मोबाइलवर काढलेले दहा उत्तम फोटो पाठवले. इन्स्टाग्रामवर ते सगळ्यांना आवडले होते. दहाही नाकारले गेले. कारणं दिली आहेत ‘नॉइझ’, ‘फोकस’ आणि ‘सिमिलर कंटेंट’. मोबाइलचे फोटो चालतच नाहीत का? (एक वाचक, सांगली)

चालतात. पण मोबाइलच्या पडद्यावर जो फोटो दिसतो, तो एजन्सीचा तपासणारा पाहत नाही. तो पाहतो 100 टक्क्यांवर मोठा केलेला फोटो. तुम्हीही तेच करा. कॉम्प्युटरवर फोटो उघडून 100 टक्के झूम करा आणि चार जागा बघा: आकाश, सावलीतला भाग, केस किंवा पानं, आणि जिथे फोकस असायला हवा ती जागा. आकाशात वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसले तर तो नॉइझ. पानं ओल्या कुंचल्याने पुसल्यासारखी दिसली तर मोबाइलने नॉइझ घालवण्याच्या नादात बारकावेही पुसले आहेत, आणि ते परत आणता येत नाहीत. कडांना पांढरी किनार दिसली तर शार्पनिंग जास्त झालं आहे.

हे बहुतेक वेळा कमी उजेडात घडतं. नंतर अ‍ॅपमध्ये सावल्या उजळल्या की अंधारात दडलेला सगळा नॉइझ वर येतो. म्हणून सकाळच्या किंवा खिडकीच्या भरपूर उजेडात काढा, मोबाइल टेकवून ठेवा, डिजिटल झूम वापरू नका. फोनमध्ये रॉ फाइलची (फोनने न सुधारलेल्या मूळ फोटोची) सोय असेल तर ती सुरू करा. फिल्टर लावलेला फोटो पाठवू नका.

आकाराचंही गणित आहे. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोब स्टॉक दोन्हीकडे किमान 4 मेगापिक्सेल लागतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000×3000 असतो. थोडा नॉइझ असेल तर तो 3000×2250 इतका लहान करा. पावणेसात मेगापिक्सेल उरतात, नियमात बसतात, आणि नॉइझ बराच दबतो. उलटं मात्र करू नका: लहान फोटो ताणून मोठा केला की लगेच ओळखू येतो. साध्या दर्जात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो साधारण 1600×1200 चा होतो, म्हणजे 2 मेगापिक्सेलही नाही. इन्स्टाग्रामवरून परत उतरवलेला तर 1080 पिक्सेल रुंदीचा. मूळ फाइलच हवी.

‘सिमिलर’ म्हणजे एकाच दृश्याचे सात-आठ फोटो एकदम पाठवले गेले. त्यातले दोन-तीन निवडा, तेही खरोखर वेगळे: एक आडवा, एक उभा, एक मजकुरासाठी मोकळी जागा सोडलेला. ही मोकळी जागा फार कामाची असते, कारण घेणारा डिझायनर त्यावर अक्षरं बसवणार असतो. इन्स्टाग्रामवर फोटो सुंदर असला की भागतं, इथे तो कुणाच्या तरी कामाला यावा लागतो.

पाठवण्याआधी शेवटची नजर ब्रँडवर टाका. टी-शर्टवरचा लोगो, दुचाकीची नंबर प्लेट, तेलाच्या पिशवीवरचं नाव, भिंतीवरचा क्यूआर कोड. स्टीलच्या पातेल्यात तुमचं स्वतःचं प्रतिबिंबही दिसत असतं, ते हमखास सुटतं.

प्रश्न: माझ्याकडे दहा वर्षांचे लग्नाचे फोटो पडून आहेत. हळद, मेंदी, सप्तपदी, सगळं आहे. ते स्टॉकवर टाकता येतील का? (लग्नाचे फोटोग्राफर, नाशिक)

नाही, आहे त्या स्थितीत नाही. अडचण दुहेरी आहे.

पहिली कायद्याची. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार, कुणी पैसे देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. हे बऱ्याच व्यावसायिकांना ठाऊक नसतं. तुमच्या जुन्या ऑर्डरच्या पावतीवर कॉपीराइटबद्दल काही लिहिलेलं नसेल, तर ते फोटो विकायचा हक्कच तुमच्याकडे नाही.

दुसरी अडचण मॉडेल रिलीजची, म्हणजे फोटोतल्या व्यक्तीच्या लेखी संमतीची. जाहिरातीसाठी चालणाऱ्या फोटोत ओळखता येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची सही लागते. अल्पवयीन असेल तर आई-वडिलांची किंवा पालकाची. साक्षीदाराची सही रिलीजमध्ये असते, आणि तो साक्षीदार फोटोतला नसावा. ‘ओळखता येणारी’ याचा अर्थ फक्त चेहरा नव्हे. पाठमोरी वधू तिच्या दंडावरच्या गोंदणावरून ओळखू येत असेल, तरी रिलीज मागितला जातो.

पुढच्यासाठी मात्र रस्ता सोपा आहे. ऑर्डर घेतानाच्या करारात दोन ओळी घाला: कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, आणि निवडक फोटो परवान्याने विकता येतील. ज्यांना मान्य नसेल त्यांच्यासाठी त्या ओळी खोडा, आढेवेढे न घेता. लग्न हा घरचा खासगी प्रसंग आहे, तो परक्या जाहिरातीत दिसावा की नाही हे त्यांनीच ठरवायचं. आणि एजन्सीच्या स्वतःच्या नमुन्यावरच्या सह्या वेगळ्या घ्या, करारातल्या ओळी त्याची जागा घेत नाहीत.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे लग्न नसलेल्या दिवशी एखाद्या जोडप्याला ठरलेलं मानधन देऊन दोन तास वेळ घ्या. मुंडावळ्या, हिरवा चुडा, अंतरपाट, अक्षता धरलेली ओंजळ. हात आणि वस्तू एवढ्यावरच कितीतरी फ्रेम होतात, आणि रिलीज दोनच लागतात.

प्रश्न: गणेशोत्सव आणि वारीचे फोटो विकायला ठेवायचे आहेत. हजारो चेहऱ्यांच्या सह्या कुठून आणायच्या? (हौशी छायाचित्रकार, पुणे)

आणायच्या नाहीत. असे फोटो ‘एडिटोरियल’ म्हणून द्यायचे. एडिटोरियल फोटो बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांत वापरता येतो, जाहिरातीत नाही. त्याला रिलीज लागत नाही, पण शिस्त जास्त लागते. शटरस्टॉकवर मथळ्याचा साचा ठरलेला आहे: गाव, देश, मग महिना-दिवस-वर्ष, विसर्गचिन्ह, आणि पुढे काय चाललं आहे त्याचं सरळ वर्णन. उदाहरणार्थ: ‘पंढरपूर, भारत – जुलै 6, 2025: आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ घेऊन उभे वारकरी’. अर्थात हे इंग्रजीत. ‘भक्तीचा महासागर’ वगैरे नको. तारीख चुकली की फोटो परत येतो, म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ आधी तपासा. एडिटोरियलमध्ये काही पुसायचं किंवा जोडायचं नाही. उजेड, रंग, क्रॉप एवढंच चालतं. मध्ये आलेली विजेची तार तशीच राहू द्या.

अलामीवर अशा फोटोंना चांगली जागा आहे. तिथे सुरुवातीला तीन फोटो तपासणीसाठी द्यावे लागतात, आणि एक जरी नापास झाला तरी तो सगळा गठ्ठा परत येतो. म्हणून तिथे थोडे पण नीट तपासलेले फोटो पाठवा.

गणपतीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. मूर्ती ही मूर्तिकाराची कलाकृती आहे. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायची मोकळीक कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, पण मांडवातली मूर्ती दहा दिवसांची असते, ती त्यात बसत नाही. भिंतीवरची रंगवलेली चित्रंही त्या मोकळिकीत येत नाहीत. म्हणून मूर्तीचे फोटो एडिटोरियलमध्येच ठेवा. जाहिरातीसाठी चालेल असा गणेशोत्सव हवा असेल तर मूर्तीच्या भोवतीचं जग टिपा: केळीच्या पानावरचे उकडीचे मोदक, दूर्वांची जुडी, जास्वंद, निरांजनाच्या ताटाखालचे हात. असे फोटो उत्सवाच्या दोन-तीन महिने आधी साइटवर असू द्या, कारण जाहिरातीचं काम तेव्हाच सुरू होतं. म्हणजे यंदाच्या उत्सवात काढलेले फोटो खरे विकले जातील पुढच्या वर्षी.

मुंबईच्या फोटोग्राफरांसाठी जाता जाता: ताज महाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या रूपाची 2017 मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली आहे. गेटवेच्या फोटोत हॉटेल ठळक दिसत असेल तर तोही एडिटोरियलमध्येच द्या.

प्रश्न: फोटो मंजूर होतात, पण कुणी बघतसुद्धा नाही. कीवर्ड पन्नास भरले आहेत. (एक वाचक, सोलापूर)

कीवर्ड म्हणजे घेणारा ज्या शब्दांनी फोटो शोधतो ते. पन्नास भरलेत हेच कदाचित बिनसलं असेल. शटरस्टॉकवर 50 पर्यंत आणि अ‍ॅडोबवर 49 पर्यंत कीवर्ड चालतात, पण ती वरची मर्यादा आहे. अ‍ॅडोबवर क्रमाला किंमत आहे: पहिले दहा शब्द सर्वांत महत्त्वाचे. तिथे ‘सुंदर’, ‘निसर्ग’, ‘पार्श्वभूमी’ बसले असतील तर फोटो लाखोंच्या गर्दीत गेला.

एक फोटो घेऊन बघू: चुलीवरच्या तव्यात फुगलेली ज्वारीची भाकरी, बाजूला पिठाळलेला हात. घेणारे कोण? खाद्यपदार्थांवर लिहिणारं मासिक, ग्लूटेनमुक्त पिठाचा व्यापारी, भरडधान्यांवरचा अहवाल करणारी संस्था, ग्रामीण पर्यटनवाला. प्रत्येक जण वेगळा शब्द टाइप करतो. म्हणून पहिल्या दहांत इंग्रजीत हे येऊ द्या: भाकरी, ज्वारी, सोर्घम (परदेशी माणूस ज्वारीला हेच म्हणतो), मिलेट, फ्लॅटब्रेड, ग्लूटेन फ्री, इंडियन फूड, महाराष्ट्र, चूल, तवा. ‘बी एच ए के आर आय’ असं स्पेलिंग जसं प्रचलित आहे तसंच लिहा, शिवाय दुसरं प्रचलित स्पेलिंग असेल तर तेही. मग साहित्य, कृती, हात, धूर, गाव, पारंपरिक स्वयंपाक. ‘नान’ आणि ‘पिझ्झा’ लिहू नका. फसवा शब्द शोधात आणतो, पण विक्री करत नाही, आणि असे कीवर्ड नियमातही बसत नाहीत.

शीर्षक साधं वाक्य असावं. अ‍ॅडोबसाठी 70 अक्षरांच्या आत, शटरस्टॉकवर 200 पर्यंत जागा आहे. शीर्षक आणि कीवर्ड प्रत्येक साइटवर पुन्हा टाइप करत बसू नका. लाइटरूम किंवा फुकट मिळणाऱ्या डिजिकॅम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ते फाइलच्या आतच आयपीटीसी माहिती (फोटोसोबत जाणारी, ठरलेल्या साच्यातली नोंद) म्हणून भरा. एकदा भरले की सगळ्या एजन्सी ते आपोआप वाचतात.

प्रश्न: मी वारली आणि जलरंगात काम करते. चित्र स्कॅन करून द्यावं की व्हेक्टर करावं? (चित्रकार, डहाणू)

जलरंग स्कॅन करा, वारली व्हेक्टरमध्ये करा. व्हेक्टर म्हणजे बिंदू आणि रेषांनी बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र. जलरंगाची जान रंगाच्या ओघळात आणि कागदाच्या पोतात असते, व्हेक्टरमध्ये ती मरते.

ए-4 चित्र 300 डीपीआयवर स्कॅन केलं तर 2480×3508 म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल मिळतात. 600 वर 4960×7016, जवळपास 35 मेगापिक्सेल. 600 वरच करा, पुढे कापाकापीला जागा राहते. स्कॅनरची ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवा, ती फिके रंग खाऊन टाकते. काच आधी पुसा, नाहीतर धुळीचे कण एकेक करून काढावे लागतात. मोठं चित्र असेल तर फोटो काढा: दोन्ही बाजूंना 45 अंशांवर सारखे दिवे, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर. चित्रावरची सही आणि तारीख फाइलमधून काढा. पांढऱ्या कागदाची करडी झाक लेव्हल्सने उडवा, पण रंगाच्या पातळ कडा जाणार नाहीत इतपतच.

वारलीसाठी हाताने काढलेलं चित्र ऑटो ट्रेसला (चित्रावरून आपोआप व्हेक्टर रेषा काढणाऱ्या सोयीला) देऊन तसंच पाठवलं की ते परत येण्याची शक्यता मोठी. एका त्रिकोणाला तीन बिंदू पुरतात, ट्रेस तिथे चाळीस टाकतो, आणि घेणाऱ्याला ते चित्र हलवता-बदलता येत नाही. ट्रेसवर पेन टूलने पुन्हा काढा. रेषा एक्स्पांड करा, मार्ग बंद करा, अक्षरं असतील तर आउटलाइन करा, आत जेपेग चिकटवलेला राहू देऊ नका. आर्टबोर्ड 5000×4000 ठेवा. शटरस्टॉकला इपीएस 8 किंवा 10 लागते. अ‍ॅडोबला एआय, इपीएस, एसव्हीजी तिन्ही चालतात. इंकस्केप हे व्हेक्टर सॉफ्टवेअर वापरत असाल तर पारदर्शकता टाळा. इपीएस करताना तो भाग साध्या चित्रात बदलतो आणि फाइल व्हेक्टर राहत नाही.

आता हक्काचं. वारलीची त्रिकोणी माणसं, तारपा नाच, चौक ही परंपरा आहे. पण एका विशिष्ट कलाकाराच्या चित्राची रचना उचलणं ही नक्कल आहे. भारतात चित्राचा कॉपीराइट कलाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे 2018 मध्ये गेले. त्यांच्या चित्रांचे हक्क 2078 अखेरपर्यंत शाबूत आहेत. शिवाय वारलीला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय मिळालेलं आहे, आणि ते नाव लावून विकण्याचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांचा आहे. तुम्ही समाजातल्या असाल तर ती नोंदणी जरूर करून घ्या. नसाल तर ‘अस्सल वारली’ असं लिहू नका. ज्या पाड्यांनी ही कला जपली, त्यांच्या नावावर दुसऱ्याने कमावू नये इतकं तरी आपण पाळलं पाहिजे.

प्रश्न: महिन्याला किती मिळतात? (अनेक वाचक)

एका फोटोचे किती, हे सांगता येतं. शटरस्टॉकवर वाटा 15 टक्क्यांपासून 40 टक्क्यांपर्यंत, सहा पायऱ्यांत. वर्षातले पहिले 100 डाउनलोड 15 टक्क्यांवर, 101 ते 250 वीस टक्क्यांवर, अशी चढण. 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. एका डाउनलोडचे कमीत कमी 10 सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. अ‍ॅडोबवर फोटो आणि व्हेक्टरला सरसकट 33 टक्के, व्हिडिओला 35. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह नसलेल्या फोटोला 15 टक्के.

अ‍ॅडोबवर 25 डॉलर जमले आणि पहिल्या विक्रीला 45 दिवस झाले की पैसे मागता येतात. सबस्क्रिप्शनवाल्याने घेतलेल्या फोटोचे 33 सेंट धरले तर 76 डाउनलोड झाले. दहा सेंटांनी तेवढीच रक्कम जमवायला 250 लागतील. म्हणून वीस-तीस फोटो टाकून वाट बघण्यात अर्थ नाही. आठवड्याला दहा-पंधरा, वेगवेगळ्या विषयांचे, वर्षभर न चुकता, असं ठेवा. नोकरी सोडायचा विचार या भरवशावर करू नका.

प्रश्न: डब्ल्यू-8बीइएन हा फॉर्म काय आहे? मी अमेरिकेत राहत नाही, मग तो कशाला? (गृहिणी, डोंबिवली)

तो अमेरिकेच्या करखात्याचा फॉर्म आहे, आणि तुम्ही अमेरिकेत राहत नाही हे सांगण्यासाठीच आहे. तो भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम 12 चा लाभ मागितला की कॉपीराइटच्या रॉयल्टीवर 15 टक्के. शंभर डॉलरमागे पंधरा वाचतात.

एजन्सीच्या खात्यात ‘टॅक्स सेंटर’मध्ये तो ऑनलाइन भरता येतो. परदेशी करदाता क्रमांकाच्या जागी आपला पॅन. देश भारत, उत्पन्न रॉयल्टी, दर 15 टक्के. नाव पॅनवर आहे तसंच लिहा. लग्नानंतर बँकेत एक नाव, पॅनवर दुसरं आणि पेपालवर तिसरं असेल तर पैसे अडकतात, त्यामुळे खातं उघडण्याआधी तिन्ही एकसारखी करून घ्या. फॉर्मची मुदत सही केल्याच्या वर्षानंतर तीन वर्षं. 2026 मध्ये भरलेला 31 डिसेंबर 2029 पर्यंत चालतो.

पैसे पेपाल किंवा पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवांमार्गे येतात. भारतात पेपाल रक्कम साठवू देत नाही, ती आपोआप बँकेत जाते. परकीय रक्कम आल्याची पावती दर वेळी जपून ठेवा. हे उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रात पूर्ण दाखवायचं असतं. तिकडे कापलेल्या कराची सवलत इथे मागता येते, त्यासाठी एजन्सी देते तो 1042-एस फॉर्म (अमेरिकेत किती कर कापला ते दाखवणारा) सीएकडे द्या.

प्रश्न: एआयने बनवलेली चित्रं विकता येतात का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

शटरस्टॉक आणि गेटी-आयस्टॉक ती घेत नाहीत. अ‍ॅडोब घेते, पण ‘जनरेटिव्ह एआयने बनवलं’ या चौकटीत खूण करणं सक्तीचं आहे, आणि कुठल्याही कलाकाराचं नाव शीर्षकात किंवा कीवर्डमध्ये चालत नाही. बोटं, दात आणि पाट्यांवरची अक्षरं मोठी करून तपासा.

उलट बाजूही माहीत असू द्या: तुमचे फोटो एआय शिकवायला वापरले जाऊ शकतात. शटरस्टॉकच्या सेटिंगमध्ये त्याला नकार देता येतो. अ‍ॅडोब स्टॉकवर तशी सोय नाही.

प्रश्न: माझा फोटो एका दुकानाच्या वेबसाइटवर दिसला. तक्रार कुठे करू? (एक वाचक, मडगाव)

आधी खात्री करा. तो त्यांनी एजन्सीकडून रीतसर घेतला असू शकतो, आणि घेणाऱ्याचं नाव तुम्हाला कळत नाही. फोटोवर एजन्सीचा वॉटरमार्क तसाच असेल तर चोरी उघड आहे. नसेल तर पान, पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन एजन्सीच्या सपोर्टला विचारा, परवाना दिला आहे का. तो फोटो तुम्ही कुठल्या कुठल्या एजन्सींवर ठेवला आहे त्या सगळ्यांना विचारा.

परवाना नसेल तर दुकानाला साधी ईमेल पाठवा: फोटो माझा आहे, काढा किंवा परवाना घ्या, सात दिवसांची मुदत. बहुतेक ठिकाणी वेबसाइट बनवणाऱ्याने गुगलवरून उचललेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. दाद लागली नाही तर ज्या कंपनीच्या सर्व्हरवर वेबसाइट आहे तिला लेखी तक्रार द्या. भारतीय कायद्याप्रमाणे अशा मध्यस्थाला तक्रार मिळाल्यापासून 36 तासांत तो मजकूर थांबवावा लागतो. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. तक्रारीसोबत मूळ रॉ फाइल तुमच्याकडे असल्याचं लिहा. ती फाइल कुणालाही कधीच पाठवलेली नसावी, तुमच्या मालकीचा तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.